झडप आधी मिटली पाहिजे

नागपूर,
आश्विन वद्य तृतीया

चि. सारंग यास,


फियाट लिनियाला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवायचा तुझा बेत परवा फोनवर ऐकला. रविवारी दुपारपर्यंत काम आटोपेल, असंही तू म्हणालास. दिवाळीपर्यंत मी काही रायपुरात, भनपुरीच्या दुकानावर येत नाही, त्यामुळे तुझ्याशेजारी उभं राहून हे दाखवणं होणार नाही. फोनवर तू सगळ्याला हो हो म्हणतोस आणि त्यातलं निम्मं जिन्यातच सांडतं. म्हणून लिहून पाठवतोय. पाना हातात घेण्याआधी एकदा सबंध वाच.

पहिली गोष्ट, या व्हॉल्व्हने गाडीची ताकद वाढत नाही. तुझी लिनिया टी-जेट रांजणगावच्या कारखान्यातून निघाली तेव्हा 1368 सीसीच्या इंजिनात 114 पीएस आणि 207 न्यूटन-मीटर होते. व्हॉल्व्ह नीट बसला तर तेवढेच राहतील, नीट बसला नाही तर कमी होतील. ताकद टर्बोच्या बूस्टवर, इंधनावर आणि इग्निशनच्या वेळेवर ठरते, आणि या तिन्हींना ही झडप हात लावत नाही. तुला आवाज हवाय ना? मग तसं स्वतःशी कबूल कर. हौस म्हणून आवाज हवा असण्यात काही वाईट नाही, मीही तुझ्या वयात लुनाचा सायलेन्सर पोकळ करणाऱ्यांतलाच होतो. पण 'पिकअप सुधारतो' असं कोणी सांगितलं असेल, तर त्याच्याकडून नटसुद्धा घेऊ नकोस.

आता झडप करते काय ते बघ. टर्बो हवा दाबून थ्रॉटलकडे पाठवतो. तू ॲक्सिलरेटर दाबलेला असतोस तोवर थ्रॉटल उघडा असतो आणि हवा इंजिनात जाते. गिअर बदलायला पाय उचललास की थ्रॉटल मिटतो. टर्बोचं चाक मात्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत असतं, ते क्षणात थांबत नाही. दाबलेल्या हवेला पुढे वाट नसते, म्हणून ती मागे वळते आणि कंप्रेसरच्या पात्यांतूनच उलटी येऊ बघते. असं होऊ नये म्हणून टर्बो आणि थ्रॉटलच्या मधे एक झडप ठेवतात. तिच्या वरच्या बाजूला स्प्रिंग असते आणि इनटेक मॅनिफोल्डमधून आलेली एक बारीक नळी. थ्रॉटल मिटला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो, नळीतून तो झडपेला वर ओढतो, खालून बूस्ट ढकलतो, आणि हवा बाहेर पडते. ती हवा उघड्यावर सोडली तर फुस्स आवाज येतो, आणि एअर फिल्टरच्या पुढे, टर्बोच्या तोंडाशी परत नेली तर फारसा आवाज येत नाही. दुसऱ्या प्रकाराला आपण रिसर्क्युलेटिंग किंवा डायव्हर्टर म्हणतो. तसा एक तुझ्या गाडीत कंपनीने आधीच दिलेला आहे.

ते व्हिडिओतलं 'स्तु-तु-तु' तुला आवडतं, ठाऊक आहे मला. पण तो आवाज झडप उघडल्याचा नाही. झडप उघडली नाही, किंवा पुरेशी उघडली नाही, म्हणून हवा पात्यांवर आपटत मागे येते, त्याचा तो आवाज. त्याला सर्ज म्हणतात. म्हणजे गंमत बघ, पोरं हजारो रुपये देऊन व्हॉल्व्ह आणतात आणि मग तो आवाज यावा म्हणून स्प्रिंग इतकी आवळतात की व्हॉल्व्ह उघडतच नाही. पैसे देऊन आणलेली वस्तू पाना फिरवून निकामी करायची! तो आवाजच हवा असेल तर नवीन व्हॉल्व्हची गरज नाही, कंपनीच्या डायव्हर्टरची हवेची वाटच बूच मारून बंद केली तरी तो मिळेल. तसं कर असं मी म्हणत नाही.

सर्जने टर्बो लगेच फुटतो अशी भीती मी घालणार नाही. जुन्या कितीतरी टर्बो गाड्यांना अशी झडप नव्हतीच, आणि त्या चालल्या. पाय उचलल्यावर क्षणभर होणारा सर्ज आणि पूर्ण रेसवर, लोडमध्ये सतत होणारा सर्ज यांत फरक आहे. दुसरा थ्रस्ट बेअरिंग खातो. ट्रकचा टर्बो हातात घेऊन मी शाफ्ट पुढे-मागे ओढून बघतो, ते तू लहानपणापासून पाहिलंयस. तो खेळ वाढला की टर्बो संपत आला म्हणून समज. तुझ्या इवल्याशा टर्बोला तसा खेळ यावा अशी माझी इच्छा नाही. त्याचे भाग आता सहज मिळत नाहीत. फियाटने इथली विक्री थांबवूनच वर्षं झाली.

आता मुद्द्यावर येतो. तू उघड्यावर सोडणारा व्हॉल्व्ह आणायचं म्हणतोस. दुसऱ्या शहरात मी कदाचित म्हटलं असतं, आण. रायपुरात नाही म्हणतो, आणि त्याचं कारण हिशेबाने सांगतो.

लोक म्हणतात की उघड्यावर हवा सोडली तर इंधनाचा हिशेब बिघडतो, गाडी काळा धूर मारते आणि बंद पडते. ज्या गाडीत फिल्टरच्या पुढे हवा मोजणारा मॅफ सेन्सर असतो तिच्या बाबतीत हे खरं आहे. सेन्सरने मोजलेली हवा तू बाहेर फेकलीस, इंजिनच्या कॉम्प्युटरने, म्हणजे ईसीयूने, मात्र तिच्या वाट्याचं पेट्रोल सोडलं. सुबारूसारख्या गाड्यांवर हा त्रास प्रसिद्ध आहे. तुझ्या टी-जेटला मॅफ नाही. ती मॅनिफोल्डमधला दाब आणि तापमान बघून पेट्रोल ठरवते. फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा पाइप स्वतः डोळ्यांनी बघ, वायर लागलेला सेन्सर त्यात दिसणार नाही, तो पुढे मॅनिफोल्डवर आहे. म्हणजे इंधनाच्या बाजूने तू मोकळा. व्हिडिओवाले इथेच थांबतात.

मी थांबत नाही, कारण मी एरवी भनपुरीत बसतो. आयडलिंगवर मॅनिफोल्डमध्ये साधारण 0.65 बार व्हॅक्यूम असतो. तो झडपेला सतत वर ओढत असतो. स्प्रिंग त्याच्यापेक्षा हलकी असेल तर सिग्नलवर उभ्या गाडीत झडप उघडी राहते. रिसर्क्युलेटिंगमध्ये उघडी राहिली तर राहू दे, ती फिल्टरमधून आलेलीच हवा फिरवते. उघड्यावरची झडप मात्र त्या वेळी श्वास आत घेते, आणि ती हवा फिल्टरमधून आलेली नसते. सिलतरा आणि उरला इथल्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी धूळ तुझी आई रोज गच्चीवरून पुसते. दुकानासमोर झाडलेल्या कचऱ्यावरून लोहचुंबक फिरवलं तर त्याला काळे केस फुटतात. ती धूळ फिल्टर चुकवून थेट सिलिंडरमध्ये गेली तर बोअर आणि रिंगांना घासेल. टर्बो वाचेल आणि इंजिन जाईल. रिंग रोडवर ट्रकांच्या मागे उभा राहतोस तेव्हा बोनेटखाली हे चालू असेल आणि तुला काही कळणारही नाही, कारण गाडी छान चाललेली असेल.

मग स्प्रिंग कडक करू, असं तू म्हणशील. कर. आयडलिंगला मिटलेली राहायची तर स्प्रिंगने 0.65 च्या वर रोखलं पाहिजे. जोरात चालवून पाय उचललास तर वर 0.65 ची ओढ आणि खालून समज 0.6 चा बूस्ट, एकूण 1.25. म्हणजे 0.65 आणि 1.25 च्या मधे कुठेतरी स्प्रिंग बसवली की दोन्ही कामं होतात. पण गावात तू तसं चालवत नाहीस. पाय पूर्ण उचलत नाहीस, थोडासा सैल करतोस. मॅनिफोल्ड शून्याशी येतो, खालून 0.4 असतो, आणि 0.65 ची स्प्रिंग तेवढ्याने हलत नाही. मग तेलीबांध्याच्या गर्दीत दर वळणावर तुतू वाजणार, आणि तो बिघाड नसून तुझ्या निवडीचा भाग असणार. रिसर्क्युलेटिंगला ही ओढाताणच नाही. तिथे हलकी स्प्रिंग चालते, झडप लवकर उघडते, हळू चालवतानाही सर्ज होत नाही. गाड्या बनवणारे बहुतेक जण तोच प्रकार घालतात, त्यांना आवाजाचा कंटाळा आहे एवढंच त्यामागे नाही.

एक चुकीची समजूत इथेच काढून टाक. 'बूस्ट जास्त असेल तर स्प्रिंग कडक हवी, नाहीतर झडप गळते' असं कोणी म्हणेल. थ्रॉटल पूर्ण उघडा असताना झडपेच्या खाली जेवढा बूस्ट, जवळजवळ तेवढाच नळीतून तिच्या वरही येतो. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की हलकी स्प्रिंगसुद्धा तिला मिटून ठेवते. बूस्टमध्ये झडप गळत असेल तर नळी फाटली आहे, सैल आहे, चुकीच्या जागी जोडली आहे, किंवा आतला पडदा गेला आहे. स्प्रिंग आवळून त्यातलं काहीही दुरुस्त होत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला असा. नवं काही आणण्याआधी जुन्या डायव्हर्टरची तपासणी कर. तुझी गाडी म्हातारी आहे आणि रायपूरचा मे महिना रबराला सोडत नाही. झडपेची बारीक नळी काढून तोंडाने ओढून धर. पडदा शाबूत असेल तर ओढ टिकते, फाटका असेल तर हवा येतच राहते. ही नळी थेट मॅनिफोल्डला जाते की मधे सोलेनॉइड आहे, याचा माग बोटाने काढ आणि कागदावर चित्र काढून ठेव. सोलेनॉइड असेल तर तो काढून टाकायच्या भानगडीत पडू नकोस, ईसीयू त्याला शोधेल आणि दिवा लावेल. पडदाच गेला असेल तर तेवढा भाग बदल. शक्यता अशी आहे की तेवढ्यानेच गाडी तुला नवी वाटेल आणि ब्लो-ऑफचा विषय महिनाभर पुढे जाईल.

तरीही बसवायचाच असेल तर रिसर्क्युलेटिंग घे, चांगल्या कंपनीचा, पिस्टनचा. नावाजलेल्या कंपन्यांची हुबेहूब नक्कल बाजारात भरपूर आहे. डबी, स्टिकर सगळं खरं वाटतं. ओळखायचं असं: झडप उघडून पिस्टन बोटाने दाब, परत सोड. सरळ, न अडकता यायला हवा. तिरका बसतो, खरखरतो, किंवा आतल्या भिंतीवर ओतकामाचे दाणे दिसतात, तर दुकानदाराला परत दे.

बसवताना पाइपला फ्लँज जोडावा लागला तर पाइप गाडीवरून उतरवून आर्गन वेल्डिंगवाल्याकडे ने. गाडीवर असताना वेल्डिंग नाही, कोणी कितीही सोपं म्हटलं तरी. आल्यावर आतून कापडाने पूस, पाण्याने धू, वाळव, परत पूस. ॲल्युमिनियमचा एक चुरा पुढे थ्रॉटलमधून आत गेला तर आपण वर केलेली सगळी धुळीची चर्चा वाया. पाइपच्या तोंडाला बीडिंग नसेल तर लेथवाल्याकडून करून घे, नाहीतर सिलिकॉनची नळी बूस्टमध्ये निसटते. साध्या स्क्रूच्या क्लॅम्पऐवजी टी-बोल्ट वापर, पण जीव खाऊन आवळू नकोस.

व्हॅक्यूमच्या नळीचं मी वेगळं सांगतो, कारण जीवावर बेतायची जागा तीच आहे. तिला मॅनिफोल्डवर, थ्रॉटलच्या पुढे, स्वतंत्र जागा दे. दाबाच्या सेन्सरच्या नळीत टी घालू नकोस, ईसीयूला खोटा आकडा जाईल. आणि ब्रेक बूस्टरच्या नळीला तर हातही लावू नकोस. तिथे टी घालणं सगळ्यात सोपं दिसतं, नळी जाड आहे, हाताशी आहे. पण त्या नळीत एकतर्फी झडप असते. तिच्या बूस्टरकडच्या बाजूने जोडलंस तर व्हॅक्यूम अडकून राहतो, बूस्ट झडपेच्या वर पोचत नाही आणि ती भलत्या वेळी उघडते. त्याहून वाईट म्हणजे ती नळी सुटली तर ब्रेक दगडासारखा कडक होतो. अभनपूरच्या रस्त्यावर ट्रॅक्टर आडवा आला की तेव्हा कळेल.

नळी आखूड ठेव, जाड भिंतीची घे, व्हॅक्यूमने चपटी होणार नाही अशी. दोन्ही टोकांना छोटे क्लॅम्प लाव. एक्झॉस्टपासून लांब ने.

मग लीक टेस्ट. टर्बोच्या तोंडाशी बूच बसव, त्यात टायरचा निपल, आणि रेग्युलेटर लावून कंप्रेसरची हवा हळूहळू दे. अर्धा-पाऊण बार पुष्कळ झाला, गाडी स्वतः जेवढा बूस्ट करते त्याच्या वर जायचं नाही. क्रँककेसच्या ब्रीदरची नळी आधी काढून तिचं तोंड बंद कर, नाहीतर ऑइलचे सील सोसतील. साबणाचं पाणी ब्रशने सगळ्या जोडांवर लाव आणि फुगे शोध. तू हे टाळशील, कारण यात आवाज नाही आणि मजा नाही. टाळू नकोस. दुकानात 'टर्बो गेला' म्हणून आलेल्या गाड्यांत कितीतरी वेळा एक सैल क्लॅम्पच निघालाय.

आता स्प्रिंगची जुळणी. प्रीलोडचा स्क्रू पूर्ण सैल करून सुरुवात कर. इंजिन नीट तापू दे, आयडलिंग स्थिर होऊ दे. मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये मधल्या रेसपर्यंत ने आणि पाय सोड. तुतू आला तर झडप उशिरा उघडते आहे, स्प्रिंग जड आहे. पाय सोडल्यावर रेस खाली येऊन गचके बसत असतील, किंवा परत पाय दिल्यावर बूस्ट यायला वेळ लागत असेल, तर झडप मिटायला उशीर करते आहे, स्प्रिंग हलकी आहे. एका वेळी अर्धा फेरा फिरव, त्याहून जास्त नाही, आणि प्रत्येक वेळी परत तोच गिअर, तोच रस्ता, तोच चढ. लॅपटॉपवर मल्टीईसीयूस्कॅन टाकून मॅनिफोल्डचा दाब आणि लाँग टर्म फ्यूएल ट्रिम आधी नोंदव आणि नंतर नोंदव. आयडलिंगचा दाब पहिल्यापेक्षा वर गेला असेल तर कुठेतरी हवा शिरते आहे. कान चुकतात, विशेषतः आवाजाच्या मोहात असलेले. लॅपटॉप बघायचं काम मित्राला दे, तू गाडी चालव.

तो मोकळा रस्ता म्हणून तू नवा रायपूर म्हणशील. तिथले रस्ते रुंद आहेत आणि संध्याकाळनंतर रिकामे, हे पोलिसांनाही ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा फेरफार करायला मनाई करतं, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ खाली मालकाला दर फेरफारामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. ब्लो-ऑफचं नाव कायद्यात कुठे नाही, पण भर चौकात फुस्स करणारी गाडी थांबवायला हवालदाराला नाव लागत नाही. मेकाहारा दवाखान्यासमोर तर तो आवाज करूच नकोस. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचे 100 मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात, आणि कायदा नसता तरी आजारी माणसाच्या खिडकीखाली कोणी फुसफुसू नये.

थोडं विषयांतर करतो. टर्बोची कल्पना 1905 ची, आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरच्या पेटंटची. पण सामान्य गिऱ्हाइकाच्या गाडीत ती 1962 साली आली, अमेरिकेत, ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हर्ले कॉर्व्हेअरमध्ये. जेटफायरचं इंजिन नॉकिंग करू नये म्हणून तिला पाणी आणि मेथॅनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागे. गिऱ्हाइकांनी टाकी भरलीच नाही. अखेर कंपनीने कित्येक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. यंत्रात खोट नव्हती, दर काही आठवड्यांनी बोनेट उघडून बघणारा माणूस नव्हता. तुझ्या पिस्टनच्या व्हॉल्व्हलाही साफसफाई लागते. दर सर्व्हिसला उघडून पुसायचा, चिकट झालेलं तेल काढायचं, ओ-रिंग बघायची. एअर फिल्टर रायपुरात पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्यात बदलायचा. हे करणार असशील तरच हात घाल. मागच्या वर्षी घेतलेली ती पितळी टेलिस्कोप कपाटावर काहून पडलीय, हे मी विचारत नाही.

तुझ्या आईला मी काही सांगितलेलं नाही. तू सांग, आणि गाडीचा विमा उतरवणाऱ्यालाही कळव. पाइप वेल्डिंगला नेण्याआधी जुन्या डायव्हर्टरच्या तपासणीचं काय निघालं ते मला कळव, लॅपटॉपवरचे आधीचे आकडेही पाठव. दुकानातला व्हॅक्यूम गेज डाव्या खणात आहे, नेलास तर परत आणून ठेव.

तुझा,
सुहासमामा

ता.क. तुझा तो मित्र आपल्या डिझेल स्कॉर्पिओला ब्लो-ऑफ बसवायचं म्हणतोय ना, त्याला एवढं सांग. डिझेल इंजिनची ताकद थ्रॉटल मिटवून कमी होत नाही, पेट्रोलसारखं नाही ते, डिझेल कमी केलं की झालं. हवेची वाट उघडीच असते. हल्ली एखादी फ्लॅप असते, पण ती ईजीआरसाठी आणि इंजिन बंद करताना. पाय उचलल्यावर व्हॅक्यूमच येत नाही, तर झडप उघडणार कशी? बाजारात डिझेलसाठी म्हणून जे मिळतं त्यात विजेचा सोलेनॉइड असतो, तो पेडलच्या स्विचवर किंवा बटणावर बूस्टची हवा सोडून देतो, काहींत तर वेगळा छोटा कंप्रेसर असतो आणि इंजिनशी त्याचा काडीचा संबंध नसतो. पहिला प्रकार बूस्टच्या पाइपला भोक पाडून बसतो, तेवढा त्याला बसवू देऊ नकोस. दुसरा बसवला तर हॉर्नच्या फ्यूजवर जोडू नकोस म्हणावं, वेगळा फ्यूज घाल.